वृक्षरथाची कमान

देवराम साळवे यांना झाडांचा फार कळवळा होता. इतका, की तो आत मावायचाच नाही. कुठे माईक दिसला रे दिसला की बाहेर पडायचा. नाशिक रोडला अशी शाळा शोधून सापडली नसती, जिथे त्यांनी सफारी सूट घालून, मान तिरकी करून, फोटोग्राफरकडे बघत एखाद्या रोपाला पाणी घातलं नव्हतं. झारी ते स्वतःची आणायचे, पितळेची. रोपाचं पुढे काय झालं हे विचारायची पद्धत नव्हती. पुढच्या वर्षी खड्डा आयता मिळायचा, तेवढंच खोदायचं वाचायचं.

पोटापाण्याचा धंदा म्हणजे रस्त्यांची कंत्राटं. पण ओळख करून देताना ते 'वनश्री मित्रमंडळाचा अध्यक्ष' एवढंच सांगायचे, आणि समोरचा 'अरे वा' म्हणेपर्यंत त्याचा हात सोडायचे नाहीत.

नववी ब मधल्या संघमित्रा गांगुर्डेने हा हात जानेवारीतच अनुभवला होता. 'वृक्ष आपले सोबती' या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली आणि साळव्यांनी तिच्या हातात स्टीलचा डबा देऊन सगळ्या शाळेसमोर सांगितलं, की ही मुलगी उद्याची आशा आहे. संघमित्राला, घरच्यांच्या मित्राला, आकाश ठेंगणं झालं. मग दुसऱ्या नंबरची मुलगी आली. तीही उद्याची आशा निघाली. तिसरा आलेला मुलगा तोतरा बोलायचा, त्यालाही त्यांनी त्याच सुरात तेच सांगितलं. मित्राने डबा घरी नेला, पण त्या माणसाविषयी तिच्या मनात एक बारीकसा खडा पडला तो पडलाच.

आणि नेमकं तिच्या मोठ्या बहिणीला, यशोधराताईला, स्थळ आलं ते या साळव्यांच्या भाच्याचं.

भाचा वाल्मीक सिन्नरला एका कारखान्यात सुपरवायझर होता. दिसायला नीटस, बोलायला मऊ. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळे घरातलं पान मामाला विचारल्याशिवाय हलत नसे. पण ताईला तो आवडला होता. शनिवारी तो एसटीने यायचा आणि ताईच्या बालवाडीच्या फाटकाशी उभा राहून पोरांना लिमलेटच्या गोळ्या वाटायचा. ताई घरी येऊन काही बोलायची नाही, फक्त भाकरी थापताना गुणगुणायची. ताईचं गुणगुणणं ही त्या घरात दुर्मीळ गोष्ट होती, म्हणून मित्राने वाल्मीकला मनातल्या मनात पास करून टाकलं होतं.

राहता राहिले बाबा.

निवृत्ती गांगुर्डे एका सरकारी कचेरीत कारकून. जेल रोडच्या सोसायटीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या, आणि सगळ्या सोसायटीत चिकट म्हणून नाव. ते काही खोटं नव्हतं. आलेली पाकिटं बाबा उलटी करून पुन्हा चिकटवायचे. साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना दाबून त्यांची नवी वडी करायचे. पाणी तर त्यांच्या घरात एकदा वापरून सुटायचंच नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना आणि धुण्याचं पाणी बादलीत भरून फाटकाजवळच्या करंजाला. सोसायटी झाली त्या वर्षी बाबांनीच तो लावला होता. मैत्रिणी घरी आल्या की मित्राला त्या बादलीची लाज वाटायची. पण आता करंज चांगला दुमजली झाला होता, आणि या वर्षी पावसाने दगा दिल्यावर, नळ एक दिवसाआड झाल्यावर, टँकरची वाट बघणाऱ्या बायकांना उभं राहायला सोसायटीत तेवढीच एक सावली होती. वीजमंडळाच्या तारांसाठी त्याची एक बाजू केव्हाच उतरवली होती. उरलेली एक जाड फांदी फाटकाच्या वाटेवर आडवी पसरलेली. सगळी सावली काय ती तिचीच.

तर मार्चमध्ये बैठक झाली. बाबांचं म्हणणं आधीपासून ठरलेलं होतं, आणि त्यात चिकटपणा कमी, तत्त्व जास्त होतं. लग्न आपल्या रिवाजाने, विहारातल्या भंतेजींना बोलावून, सोसायटीच्या पटांगणात. बँड नाही, घोडा नाही, कर्ज तर मुळीच नाही. जेवण पत्रावळींवर. पत्रावळी पेठकडच्या लंकाबाईकडून, ती दर आठवड्याला गठ्ठे घेऊन उतरायची. जेवणं झाली की उष्टं गुरांना, पानं खतात, धुवायचं काही नाही.

साळव्यांनी हे सगळं डोळे मिटून ऐकलं. लहान मूल कविता म्हणतं तेव्हा पाहुणे ऐकतात तसं. मग डोळे उघडून म्हणाले, "गांगुर्डे, अहो मी आयुष्यभर सांगत आलो की झाडाचं पान तोडू नका. आणि माझ्याच भाच्याच्या लग्नात लोक पानांवर जेवणार? पेपरवाले काय म्हणतील?"

पेपरवाले येणार आहेत हे गांगुर्ड्यांच्या घरात पहिल्यांदाच कळत होतं. बाबांनी विचारलं की मग कशावर वाढायचं. स्टीलची ताटं भाड्याने आणा, असं उत्तर आलं.

"चारशे ताटं. या असल्या साली धुवायला पाणी कुठलं आणू?"

"टँकर मागवा."

मित्रा पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी होती. टँकर मागवा. लोक एका हंड्यासाठी उन्हात भांडतायत आणि हा झाडांचा माणूस ताटं विसळायला टँकर मागवतोय. तिने वाल्मीककडे पाहिलं. आता तरी हा काही बोलेल. वाल्मीक मान खाली घालून पोह्यातले शेंगदाणे एका कडेला काढत होता. फार मन लावून काढत होता.

बाबांनी ताटं कबूल केली. मित्राला वाटलं इथे थांबेल. पण साळव्यांचं खरं स्वप्न अजून यायचं होतं. घोडा नको म्हणता ना, मग घोडा नको. मी वृक्षरथ काढतो. माझ्या ट्रकवर सगळी रोपं मांडायची, मधोमध नवरा-नवरी, वर लोखंडी कमान. रथ थेट मांडवापर्यंत जाणार आणि नवरा-नवरी प्रत्येक पाहुण्याला आपल्या हाताने एक रोप देणार. रथ माझ्याकडून, रोपं तुमच्याकडून.

आईने हळूच विचारलं की मे महिन्यात रोपं जगतील का. साळवे हसले. भावना महत्त्वाची, असं म्हणाले. विंचूरचे पाहुणे मांडीवर रोप घेऊन भर उन्हात एसटीत बसलेत आणि स्टँड आल्यावर सीटखाली सोडून उतरतायत, हे मित्राला त्या क्षणीच दिसलं. साळव्यांना बहुधा स्टँडपर्यंतचं दिसायचंच नाही. त्यांची नजर फोटो निघाला की संपत असे.

शेवटी बाबांनी रोपंही कबूल केली, फक्त कुंड्या नाहीत, नर्सरीतली काळ्या पिशवीतली. त्या रात्री मित्राने जेवताना ताईला सरळ सांगितलं की तुझा मामेसासरा भोंगळ माणूस आहे आणि नवरा त्याहून. ताई म्हणाली, "तो लग्नानंतर बदलेल. तिथे त्याला बोलायला मिळत नाही ना." आणि तिच्या ताटात आणखी भात वाढला. मित्राला तोंड बंद करायला भात वाढलेला कळत होता, पण भूक होती म्हणून ती गप्प बसली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी रथ आला. रंगीत तालीम म्हणे. नवरदेवाने आदल्या दिवशी मुलीच्या दारात यायचं असतं का, असं आई स्वयंपाकघरात पुटपुटत होती. पण साळव्यांना फोटोग्राफरला जागा दाखवायची होती, म्हणून त्यांनी नवरदेवही सोबत आणला होता. पुढे जीप, मागे ट्रक. ट्रकच्या हौद्यात रोपं दाटीवाटीने उभी, आणि वर ती कमान. काय कमान होती ती. हिरवा ऑइलपेंट, दोन बाजूंना पत्र्याचे दोन मोर, मध्ये वळणदार अक्षरांत 'झाडे जगवा, देश जगवा', आणि त्याखाली, देशापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत, देवराम साळवे.

ट्रक फाटकातून आत शिरला आणि मोर करंजाच्या फांदीला अडकले. कर्रकर्र आवाज आला. ड्रायव्हर केरूने ब्रेक मारला, खाली उतरला, वर पाहिलं, डोकं खाजवलं.

"साहेब, कमान काढायची का? चार ठिकाणी वेल्डिंग हाय, पण तोडता येईल."

"कमानच काढली तर मग राहिलं काय?" साळवे म्हणाले. त्या दिवसातलं तेवढं एक वाक्य मित्राला अगदी पटलं.

टँकरसाठी हंडे मांडून बसलेल्या बायका उठून बघायला लागल्या. बाबा मांडवाचे बांबू मोजून घेत होते, ते बनियनवरच धावत आले. त्यांनी सुचवलं की ट्रक फाटकाबाहेर ठेवू आणि रोपं हाताने आत नेऊ, माणसं आहेत भरपूर. साळव्यांनी हे ऐकूनही घेतलं नाही. नवरा-नवरी काय फाटकापासून चालत जाणार? रथातून उतरून? त्यांनी वर बोट केलं आणि केरूला कुऱ्हाड आणायला सांगितलं.

"एक फांदी जाईल, गांगुर्डे. मी त्या बदल्यात दहा रोपं लावतो तुमच्या सोसायटीत. दहा. मग तर झालं?"

मित्राला वाटलं, आता बाबा फुटणार. इतकी वर्षं धुण्याच्या पाण्याची बादली वाहिलेला माणूस. बाबांनी फांदीकडे पाहिलं. मग मांडवाकडे. मग ओट्यावर रचलेल्या तांदळाच्या पोत्यांकडे. त्यांचे ओठ हलत होते, हिशेब करताना हलायचे तसे.

"पत्रिका वाटून झाल्यात," ते आईला म्हणाले, पण बोलले स्वतःशीच. "सामान येऊन पडलंय. आता एका फांदीसाठी कुठे..." आणि थोडं थांबून, "सरपण तरी होईल."

सरपण. मित्राच्या कानशिलांत झणझणलं. साळव्यांविषयी तिला जेवढी घृणा वाटत होती, तेवढीच त्या घटकेला बापाविषयी वाटली. पत्रावळी गेल्या, टँकर आला, रोपं आली, आणि आता हा माणूस झाडाचं सरपण करून त्यातही बचत शोधतोय. तिने पायातल्या स्लिपर भिरकावल्या, परकर खोचला आणि केरू कुऱ्हाड घेऊन येईपर्यंत ती ट्रकच्या बॉनेटवरून टपावर आणि टपावरून फांदीवर गेलीसुद्धा.

वरून सगळं फार स्पष्ट दिसत होतं. साळव्यांच्या टकलावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चोपडून बसवलेले केस दिसत होते. कमान मागून रंगवलेलीच नव्हती, नुसता गंजलेला पत्रा होता. मोरांना मागची बाजू असते हे कोणाच्या डोक्यातच आलं नसावं. हौद्यातली रोपं उन्हाने मान टाकायला लागली होती, आणि त्यांना सकाळपासून कोणी थेंबभर पाणी दाखवलेलं दिसत नव्हतं. झारी जीपमध्ये होती. फोटोग्राफरही अजून यायचाच होता, त्याच्याआधी पाणी घालून उपयोग काय.

"ही फांदी तोडायची तर आधी मला तोडा," मित्राने आवाज लावला. आवाज छान लागला. पुढे जानेवारीतलं भाषण तोंडपाठ होतंच, ते तिने सुरू केलं. पण 'वृक्ष हे निसर्गाचे अनमोल' इथपर्यंत येते तोच खालच्या बायका हसायला लागल्या. हंड्यांच्या रांगेतली शेजारची यशोदाबाई म्हणाली की गांगुर्ड्यांची पोरगी खुळावली. केरू खालून आपुलकीने म्हणाला, "बाई, मुंगळे हायेत तिथं, जपून." ते खरं होतं. एक परकराच्या नेफ्यापर्यंत पोचला होता.

साळव्यांनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. "हीच ना ती, उद्याची आशा? उतरवा रे तिला कोणीतरी."

तेव्हा ताई बाहेर आली. दोन्ही हातांना ओली मेंदी, म्हणून हात अंगापासून लांब धरलेले, केस तेलाने चपचपीत. सगळ्यांनी वाट करून दिली. नवरीने असं बाहेर यायचं नसतं, हे तिला सांगायला आई मागोमाग आली, पण ताईने ऐकलं नाही. तिने वर बघून सांगितलं, "मित्रा, तू जरा गप्प बस." मित्रा गप्प बसली. मग ताई ट्रकला वळसा घालून वाल्मीकपाशी गेली. तो जीपच्या सावलीत उभा होता आणि रुमालाने चष्मा पुसत होता.

"तुम्ही सांगा," ताई म्हणाली. "तोडायची का ही फांदी?"

वाल्मीकने मामाकडे पाहिलं. "तू आत जा ना. मामा बघतील काय ते."

"मामांना नाही विचारलं. तुम्हाला विचारलं."

"एका फांदीचं काय एवढं, यशोधरा. त्यांनी रथावर किती खर्च केलाय."

"आमचा झालेला दिसला नाही?"

वाल्मीकने चष्मा डोळ्यावर चढवला, परत काढला. खालच्या आवाजात, पण फांदीवर ऐकू येईल इतपत, तो म्हणाला, "आत्ता कशाला बोलायचं? त्यांना वाईट वाटेल. लग्न होऊ दे, मग मी हळूहळू सांगतो त्यांना."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. वरून मित्राला तिचा चेहरा दिसत नव्हता, फक्त भांग दिसत होता आणि लांब धरलेले ते दोन हात. लिमलेटच्या गोळ्या, शनिवारची एसटी, भाकरी थापताना गुणगुणणं, सगळं त्या हातांत धरल्यासारखं.

"मला वाईट वाटलेलं चालतं म्हणजे," ताई म्हणाली. मग साळव्यांकडे वळून, वर्गातल्या पोरांना सांगावं तसं सावकाश, "मला हे लग्न करायचं नाही."

हंड्यांच्या रांगेतली एक बाई "अगं माय" म्हणाली. साळव्यांना प्रथम तो विनोद वाटला. "फांदीसाठी?" ते हसून म्हणाले. "अहो, फांदीसाठी लग्न मोडतेय ही."

"फांदी नाही. यांना एक गोष्ट विचारली होती. यांना अजून उत्तर सापडत नाहीये."

वाल्मीकने तोंड उघडलं. मित्राला खरंच वाटलं, आता. तिने फांदी घट्ट धरली. पण वाल्मीक म्हणाला, "मामा, तुम्हीच समजवा ना हिला."

मग मामांनी समजवायला घेतलं. ताईला नाही, बाबांना. मांडवातून फिरलेली पोरगी कोण करतं ते मी बघतो, म्हणाले. तुमची धाकटी तर झाडावरच राहते, तिला वानर बघावं लागेल. चारशे माणसं उद्या दारात येतील, त्यांना काय सांगणार? आजवर कवडी कवडी जपलीत, आज पोरीच्या हट्टापायी सगळं पाण्यात घालताय. विचार करा.

बाबा विचार करत होते. ओठ पुन्हा हलत होते. मित्राला वरून ते पाहवेना. या माणसाच्या हिशेबात पोती बसतात, पत्रिका बसतात, ताई कुठल्या रकान्यात बसवणार हा, असं तिच्या मनात आलं. बाबांनी या खेपेलाही मांडवाकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. मग ताईच्या हातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ओठ थांबले.

"साहेब," ते म्हणाले, "ट्रक मागं घ्या."

"पस्तावाल."

"घ्या मागं. आणि त्याआधी रोपं उतरवा. ती माझ्या पैशाची आहेत."

साळव्यांच्या चेहऱ्यावरचा रंग त्या मोरांच्या मागच्या बाजूसारखा झाला. भिकार माणूस, असं ते जीपमध्ये बसता बसता मोठ्याने म्हणाले, आणि वाल्मीकला ओरडून सांगितलं की फेक ती खाली आणि चल. वाल्मीकने फेकली मात्र नाहीत. मामाने सांगितलं म्हणून तो रोपं उतरवायला लागला आणि बाबा बनियनवर समोर उभे होते म्हणून नीट उतरवायला लागला. दोन्ही हातांत दोन दोन पिशव्या धरून फाटकापासून करंजाच्या बुंध्यापर्यंत तो आणि केरू खेपा घालत राहिले. जे हाताने होण्यासारखं नाही असं सकाळपासून ठरलं होतं, ते बघता बघता हाताने झालं. शेवटच्या खेपेला वाल्मीक ताईसमोर क्षणभर थांबला. ताईने त्याला पिशव्या कुठे ठेवायच्या ते मानेने दाखवलं.

ट्रक मागे निघाला तेव्हा एक मोर फांदीत अडकून राहिला. केरूने तसाच गिअर टाकला. पत्रा टर्रकन फाटला आणि मोर मित्राच्या पायाशी लोंबकळत राहिला. तिने लाथ मारून खाली पाडला.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड निघालं. टपच नव्हता आता. यशोदाबाईने हंडा उपडा घातला, बुंध्यावरून घसरत त्यावर पाय टेकून मित्रा कशीबशी खाली आली, गुडघा सोलून. बाबा रोपांजवळ उकिडवे बसले होते, एकेक पिशवी सावलीत सरकवत. पाऊस येईपर्यंत धुण्याचं पाणी पुरेल का, असं काहीतरी पुटपुटत होते. सगळी नाही जगणार, म्हणाले, पण निम्मी धरू. आई ओट्यावर बसून पदराने डोळे टिपत होती, आणि मधेच तांदळाची पोती वाणी परत घेईल का ते विचारत होती. शिवलेलं पोतं घेतो तो, बाबा म्हणाले. उघडलेलं एकच आहे.

ताई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. मेंदी एव्हाना वाळून सुटायला लागली होती.

"रागावलात?" तिने विचारलं.

बाबांनी वर पाहिलं नाही. हातातली पिशवी ठेवली, दुसरी घेतली. "ताटांचा इसार गेला," ते म्हणाले. "मांडवाचं भाडं गेलं." आणखी एक पिशवी सावलीत सरकवली. मग, "स्वस्तात सुटलो."

ताई रडायला लागली ती तेव्हा. आवाज न करता, हात तसेच लांब धरून. मित्राला काय करावं सुचेना, म्हणून तिने आपल्या परकराच्या टोकाने ताईचं नाक पुसलं. ताई रडता रडता हसली आणि म्हणाली, घाणेरडी कुठली.

उद्याच्या पाहुण्यांना आज निरोप जायला हवे होते. बाबांनी सदरा चढवला आणि सायकल काढली. आधी स्टेशनमागच्या काकांकडे, मग विहारात भंतेजींना, मग देवळालीला. विंचूरच्यांना काका कळवतील. ताई म्हणाली की मीही येते, लग्न मी मोडलंय, मीच सांगते. आईने नको नको म्हटलं. बाबांनी सायकल कलती करून धरली. ताई कॅरिअरवर बसली, एका हाताने सीट पकडली, आणि मेंदीचे कपचे सांडत दोघं फाटकातून बाहेर पडली.